चित्रातला माणूस मुंबईत कुठून आलाय, हे कशावरून ओळखायचं?

वळकटी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे उतरवून मोकळी होते. लांबलंय, आधीच सांगते.

मागच्या रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विन बघून झाले, पाय बोलायला लागले, म्हणून शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरलो. १८७२ सालापासूनचं आहे ते. तिथे काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींचे मातीचे छोटे छोटे पुतळे मांडलेत. पागोटी, पगड्या, टोप्या, लुगडी, सगळं इतकं बारीक की शिंप्याला मापं घेता यावीत. भाची नऊ वर्षांची. नाक काचेला लावून बराच वेळ बघितलं तिने आणि विचारलं, "मावशी, यात आपण कुठले?"

मी दोनदा फिरून आले. आपण काही सापडेना. असूही कुठेतरी, पण ओळखायचं कशावरून? पागोटं घालणारा आमच्या घरातला शेवटचा माणूस म्हणजे माझे आजोबा, आणि ते मुंबईत राहायला कधी आलेच नाहीत. आले ते माझे वडील. १९६८ साली, पाटण तालुक्यातून, एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. (माझ्या आयडीचं रहस्य इथे संपलं.) मस्जिद बंदरला माथाडी म्हणून लागले, पुढे बाजार वाशीला गेला तसे तेही वाशीला गेले. डोक्याला काही नाही, अंगात गंजिफ्रॉक, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी. त्यांचा पुतळा केला असता तर खाली कुठली जात लिहिली असती कोण जाणे.

घरी आल्यावर जुन्या फोनमधले फोटो उकरले. २०१९ च्या हिवाळ्यात काळा घोड्याच्या आधुनिक कलासंग्रहालयात चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन होतं, तेव्हा काढलेले. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस आहे, धावणारी बाई आहे, दोन्ही १९७७ ची. ही माणसं कुठल्या जातीची, कुठल्या जिल्ह्यातली, हे कपडे बघून सांगता येत नाही. साधा शर्ट, साधी पँट, साधं पातळ. तरी मला वाटतं हा माणूस आलेला आहे, इथला नाही. बसलाय असा की जागा त्याची नाही. खांदे थोडे आत, कोपर टेबलावर पुरतं सोडलेलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. मुंबईच्या रोजच्या जगण्याची जी जुनी चित्रं आहेत त्यांत माणसाची ओळख डोक्यावर असते. पागोटं बघा आणि सांगा. नंतरच्या चित्रांत ती घसरत घसरत पाठीत आणि पायात उतरली. स्थलांतर कपड्यांत दिसायचं बंद झालं आणि शरीरात दिसायला लागलं. चित्रांमधलं मला फारसं कळत नाही, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात मी फक्त एकदा, नाटकाची तालीम बघायला गेलेय. जाणकारांनी कान धरावा.

---

चिंचपोकळी_स्लो

वाचतोय. पहिला नंबर.

---

तैलरंग

वळकटीताई, कान धरण्याजोगं काही नाही, उलट तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवताना मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या कपाटातल्या पुतळ्यांना जोड देतो. फोर्टात राजाबाई टॉवरखालून जाताना कधी मान वर करून बघा. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातींचे पुतळे उभे केलेत. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये. त्या काळच्या साहेबाला शहरातल्या माणसांची यादी हवी होती, आणि यादीत प्रत्येकाला एकच टोपी घालता येते. गोऱ्या गिऱ्हाइकाला पोस्टकार्ड पाठवायचं तर त्यावरचा माणूस एका नजरेत "अमुक" वाटला पाहिजे. घाटावरून आलेला, गेली सहा वर्षं गोदीत काम करणारा, गावी बायको आणि इथे खानावळीचा डबा असा गुंतागुंतीचा माणूस पोस्टकार्डावर मावत नाही.

पण याच काळातले चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्या बाबतीत थोडी गल्लत होऊ नये. त्यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली, १९१२ च्या एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या इंग्रजी पुस्तकातली चित्रंही त्यांचीच. ती त्या 'नमुन्यांच्या' परंपरेतलीच म्हणायची. तरीही त्यांच्या बायका चालतात हो! निरी एका बाजूला सरकलेली असते, टाच उचललेली असते. पागोट्याच्या यादीत अडकलेल्या माणसालाही त्यांनी पाय दिले. आणि ते स्वतः कोण? कोल्हापूरचा मुलगा, १८९० मध्ये जे. जे.त शिकायला मुंबईत आलेला. त्याच शाळेत पुढे सगळी हयात काढली आणि १९४० मध्ये 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' लिहिलं. बाहेरून आलेल्यालाच शहरातल्या माणसांचं चालणं इतकं दिसतं, असं मला नेहमी वाटत आलंय. जन्मापासून इथे असणारा लोकलमध्ये झोपतो.

आता हालचालीबद्दल. चित्र थांबलेलं असतं, मग माणूस चालताना कसा दाखवायचा? पोरं पहिल्या वर्षी एक पाय पुढे, एक मागे काढतात. तो माणूस कवायत करतोय असं दिसतं. चालणं पायात नसतं, वजनात असतं. एका क्षणी सगळं वजन एका पायावर असतं आणि माणूस पडता पडता दुसऱ्या पायावर सावरतो. ते पडणं पकडलं की झालं. दुसरी युक्ती म्हणजे माणसाला चौकटीच्या कडेवर कापायचं. अर्धा खांदा बाहेर ठेवला की डोळा आपोआप म्हणतो, हा निघाला.

पटवर्धनांनी मोठ्या शहरचित्रांत तिसरंच केलं. एका जागी उभं राहून जेवढं दिसतं तेवढं न काढता, दोनचार ठिकाणांहून दिसणारं एकाच चित्रात बसवलं. रस्ता एका उंचीवरून, नाला दुसऱ्या, मागच्या इमारती तिसऱ्या. त्यामुळे बघणाऱ्याला स्वतःच चालावं लागतं. मला विचाराल तर हालचाल त्या माणसांपेक्षा तुमच्या मानेत आहे.

---

कसारा_फास्ट

तैलरंग सर, दंडवत. एक भर घालतो. पटवर्धन पेशाने डॉक्टर, तेही रेडिओलॉजिस्ट. पुण्यात शिकले, १९७३ मध्ये मुंबईकडे आले, १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात एक्स-रे बघत होते. एक्स-रेला उभा राहणारा माणूस शर्ट काढून उभा राहतो. टोपी, पागोटं, गंडा, सगळं टेबलावर. मग उरतं काय? तेच धागाकर्तीने वर लिहिलंय ते.

---

बदली_कामगार

धागा छान. थोडा कडू बोलणार आहे, राग मानू नये.

माझे वडील लालबागला. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. एका खोलीत चौदा गडी. पहिल्या पाळीचा उठायचा तेव्हा तिसऱ्या पाळीचा त्याच वाकळेवर आडवा व्हायचा, वाकळ काही थंड व्हायची नाही. सहा वर्षं बदली म्हणून रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, साच्यावर (मागावर) कोणी आलं नाही तर काम, नाहीतर परत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा नुकतेच कायम झाले होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि संप कधी मिटला याची तारीख आजही कोणी सांगू शकत नाही.

आता चित्राचं. 'लोअर परळ' नावाचं पटवर्धनांचं २००१ चं चित्र आहे. मी ते पहिल्यांदा छापील पाहिलं आणि छातीत धस्स झालं. ती आमच्या रोजच्या वाटेवरची हवा आहे. जे उभं होतं ते जाताना आणि जे येतंय ते उभं राहताना, दोन्ही एकाच वेळी. आम्ही हललो नाही, आमच्या पायाखालचं गिरणगाव हललं. हेही स्थलांतरच ना? माणूस खोलीत तसाच, पत्ता मात्र बदलला. परवा एका बिल्डरच्या जाहिरातीत आमच्या भागाचं नाव 'अप्पर वरळी' वाचलं.

म्हणून काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत गेलो. नाव लिहीत नाही. दुसऱ्या कोणाची कामगारांवरची चित्रं होती तिथे. वडिलांच्या हातात नेहमीची कापडी पिशवी. दारावरच्या माणसाने मला सोडलं आणि वडिलांना विचारलं, "डिलिव्हरी का? मागच्या बाजूने." त्याच्या मागे तसाच एक पिशवीवाला भिंतीवर टांगलेला होता, तैलरंगात, सोनेरी चौकटीत. त्याला पुढच्या दाराने आत घेतलं होतं.

तर प्रश्न असा आहे की पाठीत उतरलेली ओळख बघणारे कोण? ज्यांची पाठ आहे ते की ज्यांच्याकडे भिंत आहे ते?

---

वळकटी

@बदली_कामगार, राग कसला. दोनदा वाचलं. काका काय म्हणाले त्यावर?

---

बदली_कामगार

काही नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या दाराने आत गेले. चित्रांपुढे पाच मिनिटं थांबले असतील. बाहेर आल्यावर म्हणाले, चहा पिऊ.

---

परखड

सगळं ठीक आहे, पण या सगळ्यात मराठी माणूस कुठे आहे? मुंबईवरच्या चित्रकलेत नावं घ्या: रझा मध्य प्रदेशचे, आरा हैदराबादकडचे, हेब्बर उडुपीकडचे, सूझा गोव्याचे. बाहेरून आलेल्यांनी बाहेरून आलेल्यांची चित्रं काढली आणि आम्ही त्याला मुंबईची ओळख म्हणायचं. भूमिपुत्राची ओळख कोण रंगवणार?

---

ब्रशवाला

परखडराव, हुसेन राहिले यादीत. मुद्दाम की चुकून? जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. तीसच्या दशकात मुंबईत येऊन सिनेमाची पोस्टरं रंगवायला लागले. आणि धुरंधर कोल्हापूरचे, तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. मुंबई इलाख्याच्या हिशेबाने तेही परके. आता?

माझे वडील बोर्ड रंगवायचे, ग्रँट रोडला. आधी दुकानांच्या पाट्या, मग सिनेमाचे मोठे बोर्ड. हे काम कसं चालायचं ते सांगतो, कारण धाग्याशी संबंध आहे. हिरोचा फोटो हाताएवढा. त्यावर पेन्सिलीने चौकोन पाडायचे. कापड जमिनीवर नाहीतर भिंतीला ताणलेलं, त्यावर सुतळी रंगात बुडवून फटका मारून तेवढेच चौकोन, फक्त मोठे. मग एकेक चौकोन भरत जायचा. बाबा दिवसभर हिरॉइनच्या नाकपुडीत उभे असायचे. पूर्ण चेहरा त्यांना कधीच दिसायचा नाही. बोर्ड वर चढला की रस्ता ओलांडून समोरच्या पानवाल्याकडे जाऊन एकदा बघायचे, तोच त्यांचा प्रदर्शनाचा दिवस. शुक्रवारी पुढचा सिनेमा लागला की त्याच कापडावर पांढरा मारायचा.

हुसेनच्या चित्रांतली ती जाड, न थरथरणारी रेघ मला तिथून आलेली वाटते. परांचीवर उभं राहून, म्हणजे बांबूच्या पाळण्यावर, ब्रश हातभर लांब धरून रेघ ओढायची तर मनगट चालत नाही, खांद्यातून ओढावी लागते. वळकटीताई म्हणतात तशी माणसाची ओळख शरीरात उतरते, तर चित्रकाराचीही उतरत असणारच. पोटासाठी आल्याची खूण रेघेत राहते. १९५५ चं त्यांचं 'जमीन' बघा. गावाकडचं एकेक चित्र वेगवेगळ्या कप्प्यांत, बोर्डाच्या चौकोनांसारखं.

आरांचं तर काय सांगावं. लहानपणी पळून मुंबईत आले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या आणि चित्रं काढली. आणि शेवटी हुसेनना ९५ व्या वर्षी लंडनमध्ये मरण आलं, तेव्हा पासपोर्ट कतारचा होता. पंढरपूर ते तिथवर. स्थलांतराबद्दल बोलताना हेही बोललं पाहिजे, पण त्यावर इथे भांडण सुरू होईल म्हणून थांबतो.

अवांतर: फ्लेक्स आल्यावर बाबांनी ब्रश गॅसच्या शेगडीखालच्या कप्प्यात ठेवले. अजून तिथेच आहेत. टर्पेंटाइनचा वास जात नाही.

---

परखड

हुसेन चुकून राहिले. बाकी मुद्दा तसाच आहे.

---

पाटीवाली

भूमिपुत्र शोधताय का? आम्ही इथे आहोत, वरळी कोळीवाड्यात. आम्ही कुठून आलो नाही, शहर आमच्यावर चालून आलं. हॅहॅहॅ.

गंमत बाजूला. आमच्यावर चित्रं काढून काढून लोक दमले नाहीत. कॅलेंडरं, पोस्टकार्डं, विमान कंपन्यांची जाहिरात, लग्नाच्या हॉलच्या भिंती. बी. प्रभा नागपूरकडून मुंबईत आल्या आणि त्यांना कोळणी दिसल्या. त्यांची चित्रं मला आवडतात, खोटं कशाला बोलू, एक छापील प्रत आमच्या बैठकीत आहे. पण त्यातली कोळीण किती लांब, किती बारीक, मान हंसासारखी, डोळे खाली. माझी आय बघायची त्याच्याकडे आणि म्हणायची, "हिच्या डोक्यावर पाटी कोण देईल? मोडंल."

खरं वजन सांगते. पहाटे ससून डॉकला लिलावातून माल घेतला की बर्फासकट पाटी भरते. दोघींनी उचलून तिसरीच्या डोक्यावर द्यायची. खाली चुंबळ. चुंबळ सैल झाली तर मान दिवसभर वाकडी, घट्ट झाली तर टाळू दुखते. पाटी डोक्यावर आली की बाई खांद्यापासून वर हलतच नाही, सगळं चालणं कमरेखाली. म्हणून कोळीण चालते तशी कोणी चालत नाही. पाणी गळतं ते पाठीवरून, म्हणून पदर तसा खोचायचा. तुम्ही लोक ज्याला ठसका म्हणता तो आमचा पाणी गळू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे.

तैलरंग सर म्हणाले चालणं वजनात असतं. ते अगदी खरं. पण चित्रवाल्यांनी वजन काढून घेतलं आणि लुगडं तेवढं ठेवलं. म्हणजे धागाकर्तीने सांगितलेलं पागोटंच की हे! आमच्या बाबतीत काळ पुढे सरकलाच नाही. आजही कोळीण म्हटलं की नेसलेलं लुगडं, नाकात नथ, केसात अबोली. माझी लेक अंधेरीला एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते, जीन्स घालते. ती कोळीण आहे हे कोणत्या चित्रकाराला कळणार?

---

तैलरंग

पाटीवालीताई, हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवायला हवा होता. निवृत्त झालो ते चुकलं.

मात्र बी. प्रभांच्या वतीने एक वाक्य. त्यांना कोळीण 'जशीच्या तशी' नको होती, एकटेपणाची एक उभी रेघ हवी होती. खेड्यातून शहरात आलेल्या बाईला ती रेघ कोळणीत दिसली असेल. चित्र कधी कधी समोरच्यापेक्षा काढणाऱ्याचं असतं.

---

पाटीवाली

असेल. मग त्याखाली स्वतःचं नाव लिहायचं, आमचं कशाला.

---

चिंचपोकळी_स्लो

😂😂 ताईंनी सरांना साइडिंगला टाकलं.

---

खडूफळा

मी डहाणू तालुक्यात शिक्षक. मुंबईपासून लांब आहे, पण शनिवारी रात्री लोकलने दादरला येतो तेव्हा माझाही अर्धा जन्म मुंबईतच.

पागोटं आणि पाठ, या दोन्हींच्या बाहेरचं एक उदाहरण आमच्याकडे आहे. वारली चित्रात माणसाला चेहराच नसतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. बाईला अंबाडा, एवढाच फरक. सगळी माणसं सारखी. तरी बघणाऱ्याला कळतं हा शिडीवर चढतोय, ही भात लावतेय, हा तारपा वाजवतोय. ओळख फक्त काय चाललंय यात. आणि हालचालीचं म्हणाल तर वरचा त्रिकोण जरा तिरका केला की माणूस चालायला लागतो. माझ्या तिसरीतल्या पोरी हे न शिकवता करतात. सर, कवायत वगैरे नाही.

हे मुळात लग्नाच्या चौकाचं लेखन. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढायचं. बायकांचं काम होतं. सत्तरच्या दशकात कागद आला, गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले, चित्र लग्नाच्या भिंतीवरून निघून गॅलरीत आणि परदेशात गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे इथे चित्रानेच स्थलांतर केलं, आणि जाता जाता ते बायकांच्या हातून बरंचसं पुरुषांच्या हातात गेलं. यावर कोणी फार बोलत नाही.

माणसांचं स्थलांतर आमच्याकडे दर वर्षी होतं. दिवाळी झाली की वर्ग रिकामा होतो. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, वसईकडे, भिवंडीकडे. पावसाच्या तोंडावर परत. एका मुलीने मागच्या जूनमध्ये वहीत चित्र काढलं. नेहमीच्या चित्रात तारप्याभोवती माणसांचा वेटोळा असतो ना, तसाच वेटोळा. मध्ये तारपावाला नव्हता. मध्ये टेम्पो होता. माणसं एकमेकांचे हात धरून त्याभोवती गोल गोल जात होती आणि रांगेचं शेवटचं टोक टेम्पोत चढत होतं. मी विचारलं हे कुठलं नाचणं. म्हणाली, "नाचत नाहीत गुरुजी, चढतात."

वहीचं ते पान मी फाडून मागितलं. तिने दिलं नाही. पाठीमागे गणितं होती.

---

कसारा_फास्ट

खडूफळा सर, शेवटची ओळ...

माझ्याकडे फक्त एक आठवण आहे. आमचं घर शहापूरजवळ, हायवेला लागून. २०२० चा एप्रिल-मे. नाशिककडे माणसांची रांग, दिवसरात्र. आम्ही सोसायटीतले पाच-सहा जण पाण्याच्या बाटल्या आणि चपला घेऊन उभे राहायचो. चपला सर्वांत आधी संपायच्या. तेव्हा मी बघत होतो की लोकांनी काय काय उचललंय. मला वाटलं होतं भांडीकुंडी असतील. एकाच्या खांद्यावर टेबलफॅन होता. एक जण शिवणयंत्राचं फक्त वरचं डोकं पोत्यात बांधून निघाला होता, पाय मागे ठेवून. म्हणाला, पाय गावाला सुताराकडून करून घेईन.

जितिश कल्लाटांच्या मोठ्या चित्रांत रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे असतात आणि त्यांच्या केसांत सगळं शहर गुंतलेलं, मोटारी, माणसं, इमारती, एकमेकांवर चढलेलं. एका चित्राचं नावच सामानावर आहे, 'बॅगेज क्लेम'. तशा काही चित्रांना खाली कांस्याचे, पायांसारखे आधार दिलेत, व्ही. टी. स्टेशनवर जे दगडी प्राणी तोंड वासून बसलेत त्यांच्यावरून घडवलेले. म्हणजे माणसाच्या डोक्यावर मुंबई आणि तो स्वतः स्टेशनावर उभा! आधी मला ते जरा चकचकीत वाटलं होतं. हायवेवर उभं राहिल्यानंतर चकचकीत वाटेनासं झालं. पागोटं परत आलं म्हणायचं, फक्त आता ते कुठल्या जातीचं नाही, शहराचं आहे. आणि जड आहे.

---

परखड

माझा वरचा प्रतिसाद जरा तुटक झाला. चित्रकार भूपेन खक्करांनी रंगवलेली शिंप्याची, न्हाव्याची, घड्याळवाल्याची दुकानं, सगळी १९७२ च्या आसपासची, मला मनापासून आवडतात. तो माणूस उलटा गेला, जन्म मुंबईचा आणि १९६२ मध्ये बडोद्याला. आमचं दुकान परळला होतं, घड्याळांचंच. ते 'जनता वॉच रिपेअरिंग' पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं माझ्या काकांचंच आहे. काका म्हणाले असते, भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर दुकानदार खोटा. प्रत्यक्षात चित्रात काय वेळ आहे ते आता बघायला पाहिजे.

---

ब्रशवाला

परखडराव, हे आधी लिहायचं ना राव.

---

तैलरंग

एक राहिलं. १९८१ मध्ये जहांगीर कलादालनात 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं. खक्कर, पटवर्धन, नलिनी मलानी, विवान सुंदरम, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी असे सहा जण. चित्रात माणसाला पुन्हा जागा द्यायची, असा त्याचा रोख. मुंबईत माणसाला जागा मिळत नाही ती निदान कॅनव्हासवर मिळावी, असा विनोद तेव्हा आम्ही करायचो. पुढच्याच जानेवारीत संप सुरू झाला.

आणि गीव्ह पटेल. तेही डॉक्टर, मुंबई सेंट्रलला दवाखाना, शिवाय कवी, नाटककार. २०२३ मध्ये गेले. त्यांचं १९७९ चं 'हातगाडीसह दोन माणसे' हे चित्र वळकटीताईंनी वडिलांना जरूर दाखवावं. सहसा हातगाडीवाला म्हटलं की चित्रकार त्याला ओढताना काढतात, शिरा ताणलेल्या, घाम. इथे गाडी थांबलेली आहे. दोन माणसं उभी आहेत. थांबलेल्या माणसाला असा मान फार थोड्यांनी दिलाय.

---

वळकटी

सर, दाखवलं. काल संध्याकाळी, टॅबवर, मोठं करून.

आधी माझ्या डोक्यातलं एक जाळं साफ करते. पाटीवालीताई आणि खडूफळा सरांमुळे माझं सुरुवातीचं "आधी पागोटं, नंतर पाठ" हे सरळ रेघेतलं म्हणणं मोडलं. काहींना अजून पागोट्यातच ठेवलंय, काहींना चेहऱ्याचीही गरज नाही. आणि बदली_कामगार यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आता अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांना आता ७८ पूर्ण. मानेखाली लिंबाएवढा घट्टा आहे, पोती वाहून झालेला, निवृत्तीनंतरही गेला नाही. डावा खांदा खाली. त्यांनी चष्मा लावला, चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. म्हणाले, "बंदराकडचा नाही हा रस्ता."

मी म्हटलं, दवाखाना मुंबई सेंट्रलला होता चित्रकाराचा, तिकडचा असेल.

"रविवार असणार."

कशावरून?

"नाहीतर दोघांना एका वेळी उभं राहायला फुरसत कुठली? एकाने तरी गाडीला हात लावून पुढे बघितलं पाहिजे. मागचा ओरडत असतोच."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाले, "ह्यातला हा डावीकडचा आपल्याकडचा वाटतो." मी विचारलं, कशावरून, अण्णा? कपड्यावरून? उभं राहण्यावरून? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी गावाहून कालच आलेय.

"तोंडावरून," म्हणाले, आणि टॅब भाचीकडे दिला.

---

पाटीवाली

अण्णांना नमस्कार सांगा. आणि भाचीने काय केलं?

---

वळकटी

तिने चित्र आणखी मोठं केलं आणि विचारलं, "आजोबा, उजवीकडचा कुठला मग?" त्यावर तिघांचं अजून चाललंय. अण्णा म्हणतात जुन्नरकडचा. आई म्हणते उत्तरेकडचा. भाची म्हणते तोही आपल्याकडचाच, एकाच गाडीवर आहेत ना.